पद्मिनीचे गुडघे बदलले!

पस्तीस वर्षांची प्रीमियर पद्मिनी, राईचा खारा वारा आणि तोंडावर आलेलं पासिंग. गाडी भंगारात द्यायची की तिच्या पायात पुन्हा जीव ओतायचा? एका घरातल्या तीन आठवड्यांच्या ‘ऑपरेशन’ची ही गोष्ट. तुमच्याकडे कालपरवा घेतलेली हॅचबॅक असली तरी वाचा, कारण खड्डे सगळ्यांना सारखेच!

२०२५च्या गणपतीतली गोष्ट. माझी ऑफिसमधली मैत्रीण पहिल्यांदाच आमच्या राईच्या घरी दर्शनाला आली. पप्पा तिला घ्यायला भाईंदर वेस्टला स्टेशनवर गेले, ते अर्थातच त्यांच्या लाडक्या पद्मिनीतून. मॅडम एकदम खूश! दोन सेल्फी, एक रील, ‘कसली क्यूट गाडी आहे, अंकल!’ वगैरे सगळं झालं. मग गाडी निघाली. मुर्धा येईपर्यंत ती गप्प झाली होती. राईला उतरल्यावर तिने हळूच माझ्या कानात विचारलं, ‘अगं, तुमची गाडी चालते की नाचते?’

मी हसून विषय बदलला. पण त्या रात्री पहिल्यांदा मी आमच्याच गाडीकडे परक्याच्या नजरेने पाहिलं. स्पीडब्रेकरवर ‘धाडधाड’, वळणावर ‘कुंई कुंई’, खड्ड्यात ‘ठक्’. आम्हाला हे आवाज कधी खटकलेच नव्हते. आईने मागच्या सीटवर गोधडीची घडी टाकली होती. कधीपासून? तिलाही आठवेना. पप्पा स्टीअरिंग जरासं डावीकडे ओढून धरत, तेव्हा कुठे गाडी सरळ जायची. पस्तीसच्या वर स्पीड नाही. वसई नाही, ठाणं नाही. गाडी फक्त स्टेशनपर्यंत आणि परत. ‘पप्पांचं आता वय झालं,’ असं आम्ही घरात म्हणायचो. पप्पाही म्हणायचे, ‘सदुसष्ट पूर्ण झाली, आता बस झालं लांबचं ड्रायव्हिंग.’

आणि मग दोन आठवड्यांनी ते घडलं. मुर्ध्याच्या रस्त्यावर एक खड्डा आला, पप्पांनी ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग त्यांच्या हातात अक्षरशः थडथडायला लागलं. पुढची दोन्ही चाकं तापात हुडहुडी भरावी तशी डावी-उजवीकडे हलत होती. गाडी थांबली तेव्हा डावं चाक रस्त्याच्या कडेच्या मातीत होतं. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून बरं! पप्पा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर किल्ली खिळ्याला लावली आणि म्हणाले, ‘विकून टाकू.’

पर्याय तीन, निर्णय एक

आमची गाडी १९९० सालची. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये आमचं पासिंग येऊन ठेपलं होतं. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केली. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळाच.

साधा हिशोब मांडला तर उत्तर सोपं होतं. भंगारात द्या, सर्टिफिकेट घ्या, मोकळे व्हा. दुसरा पर्याय, एखाद्या शौकीन माणसाला विकून टाका. पण अशा अवस्थेतली गाडी कोणाच्या गळ्यात मारायची, हे पप्पांना पटेना. ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवावं, तर २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली हवीत. आमची बाई तिथे अजून कॉलेजातली पोर!

राहिला तिसरा पर्याय, मिस्त्रीकाका. आयुष्याचा मोठा भाग मुंबईतल्या टॅक्सी गॅरेजमध्ये पद्मिनींखाली झोपून काढलेला हा कोकणी माणूस. आता भाईंदर वेस्टला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. तीन वर्षांत आम्ही त्यांच्याकडे फिरकलोच नव्हतो, कारण गाडी ‘चालत होती’. मी फोन केला. समोरून एकच प्रश्न आला, ‘बाय, ग्रीस शेवटचं कधी मारलं होतंत?’

मी म्हटलं, ‘ग्रीस? कुठे?’

फोनवर थोडा वेळ शांतता. मग, ‘गाडी चालवत आणू नका. मी येतो.’

कुर्ल्याची लेक

पद्मिनीची ओळख करून द्यायची गरज खरं तर मुंबईकराला नसावी. तरी आपल्यापैकी अनेकांनी तिला फक्त काळ्या-पिवळ्या रंगातच पाहिलंय, म्हणून थोडं सांगते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाज कंपनी काढली, विमानाचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सही काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी व्हायची, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर चार गिअर आणि ताकद जाते मागच्या चाकांना. जुनी माणसं मात्र आजही तिला ‘फियाट’च म्हणतात. त्या काळी गाडी बुक केल्यावर हातात पडेपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. आज आपण फोनची डिलिव्हरी एक दिवस लेट झाली तर कस्टमर केअरचं डोकं खातो!

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. हलकी, चपळ, देखभाल कमी. घराघरांतून पद्मिनी मागे पडत गेली, पण टॅक्सीवाल्यांनी तिला सोडलं नाही. शतक बदलता बदलता तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती. गणित करा. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. पेपरांत फोटो आले, लोक हळहळले.

आमच्यासारख्या खासगी गाडीवाल्यांना मात्र त्याचा वेगळाच फटका बसला. तो पुढे सांगते.

चाकाखाली असतं काय?

मिस्त्रीकाका स्कूटरवर जॅक, पाने आणि एक लांब सळई घेऊन आले. कामाला हात घालण्याआधी त्यांनी मला गाडीशेजारी बसवलं आणि शिकवणी घेतली. मास कॉमच्या दोन वर्षांत कुठल्या प्रोफेसरने इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी लोखंडी हात असतात. गॅरेजच्या भाषेत ‘आर्म’. त्यांच्यामध्ये जाडजूड गोल स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे आपला ‘शॉकअप’. नावावर जाऊ नका हं! खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम त्यानंतरचं. स्प्रिंग उड्या मारत राहू नये म्हणून तिला आवरायचं. शॉकअप गेला की गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही बोटीसारखी डुलत राहते.

हे आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात, तिथे रबराचे बुश बसवलेले असतात. हाडांमधली गादीच समजा. रबर झिजलं की लोखंडाला लोखंड लागतं आणि ‘ठक्’ ऐकू येतं. आणि बाहेरच्या टोकाला असते ती किंगपिन, उभी जाड लोखंडी पिन. तिच्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं. स्टीअरिंग तुम्ही कितीही फिरवा, चाक शेवटी फिरतं ते या पिनेवर. मिस्त्रीकाका तिला ‘गुडघा’ म्हणतात.

मागे मामला साधा. दोन चाकांना जोडणारा एक आडवा अॅक्सल आणि तो पेलणारे दोन बाजूंचे पाटे. बैलगाडीपासून ट्रकपर्यंत चालत आलेली जुनी युक्ती.

ही सगळी रचना १९५३ मध्ये इटलीत आलेल्या फियाट ११००च्या घराण्यातली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळकांड्यात, वरचा आर्म नाही, किंगपिनही नाही. खाली एक सीलबंद बॉल जॉइंट. त्याला ग्रीस लागत नाही, खराब झाला की काढा आणि नवा लावा. पद्मिनीचा किंगपिन मात्र ग्रीसवर जगतो. तिथे छोटं ‘निपल’ असतं, त्यात ग्रीसगनने ग्रीस भरायचं. दर दोन हजार किलोमीटरला किंवा तीन महिन्यांनी, जे आधी येईल ते. हा मिस्त्रीकाकांचा नियम.

आमचं इथेच चुकलं होतं. जवळ पडतं म्हणून आम्ही गाडी वॉशिंग सेंटरवर द्यायला लागलो होतो. तिथल्या पोरांनी गाडी चकाचक करून दिली, आतून व्हॅक्यूमसुद्धा मारला. पण निपल नावाची गोष्ट असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण रोज हाताखाली येणाऱ्या गाड्यांना ते नसतंच. आणि सांगायचं आम्हालाही सुचलं नाही. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरडी! (कॉर्पोरेटमधल्या काही मंडळींची आठवण झाली, पण ते असो.)

बारा आणि सहा

मग सुरू झाली तपासणी. जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं. मिस्त्रीकाकांनी घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरलं आणि हलवलं. ‘खट्खट्.’ नंतर तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं. थोडंसंच. ‘तीन-नऊला खेळ असेल तर टाय रॉड बघायचा. बारा-सहाला असेल तर बेअरिंग नाहीतर किंगपिन.’

दोघांपैकी नक्की काय, हे कसं कळणार? त्यांनी मला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा चाक हलवलं. ब्रेक लागला की चाक आणि त्यामागचा भाग एक होतो. बेअरिंग सैल असेल तर खेळ थांबतो. नाही थांबला तर किंगपिन. मी पाय दाबून बसले होते आणि बाहेरून आवाज येतच होता, खट्, खट्, खट्.

‘गेला गुडघा,’ मिस्त्रीकाका म्हणाले. ‘दोन्हीकडचा.’

पप्पा इतका वेळ ओट्यावर बसून होते. ते उठून आले आणि स्वतः चाक धरून हलवून पाहिलं. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘मला वाटत होतं माझेच हात थरथरतात.’

काय बोलावं ते मला सुचेना. दोन वर्षं हा माणूस स्वतःला म्हातारा समजत होता. लांब जायचं सोडलं, रात्रीचं चालवायचं सोडलं, वसईच्या आत्याकडे जायचं झालं तर रिक्षा आणि ट्रेन. आणि आम्हीही ‘वय झालं’ म्हणून मान डोलवत होतो. झिज अशीच असते. एका दिवसात काही बिघडत नाही. रोज केसभर बिघडतं आणि रोज केसभर आपण सांभाळून घेतो. मग एक दिवस पाहुणी येते आणि विचारते, ही चालते की नाचते?

विकायचा विषय त्या दिवशी संपला.

टॅक्सी गेली, माल गेला

यादी तयार झाली. किंगपिनचा सेट दोन्ही बाजूंचा, आर्मचे सगळे रबर बुश, चार शॉकअप, मागच्या पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट. ‘एकाच बाजूचं बदललं तर?’ मी पैसे वाचवायच्या हिशेबाने विचारून पाहिलं. ‘एकाच पायात नवीन चप्पल घालून चालशील काय?’ शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे. एक ताठ आणि एक ढिला असेल तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

आता शोधाशोध. मुंबईत गाडीच्या पार्टसाठी दोन जागा सांगितल्या जातात. एक ऑपेरा हाउसच्या आसपासची स्पेअर पार्टची दुकानं आणि दुसरी कुर्ल्याचा सीएसटी रोड, जिथे जुन्या गाड्यांचं काहीही मिळू शकतं. मी आणि पप्पांनी दोन शनिवार त्यात घालवले. गंमत बघा, जिथे पद्मिनी जन्मली त्याच कुर्ल्यात आम्ही तिचे सुटे भाग हुडकत होतो. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. तिथल्या ऑफिसांत कामाला जाणाऱ्या किती जणांना आपण गाड्यांच्या कारखान्यात बसतोय याची कल्पना असेल?

आणि इथेच आम्हाला तो मघाशी म्हटलेला फटका कळला. टॅक्सी हजारोंनी होत्या तोवर तिचे बुश, किंगपिन, शॉकअप सतत खपायचे, म्हणून कोणी ना कोणी ते बनवायचं. आम्ही खासगीवाले त्या गिऱ्हाइकीच्या जिवावर स्वस्तात निभावून न्यायचो. टॅक्सी बंद झाली तसा हा माल उठेनासा झाला. जे दुकानात आहे ते आहे. बऱ्याच काउंटरवर ‘फियाट?’ म्हटलं की आधी हसू आणि मग नकारार्थी मान. शेवटी एका काउंटरवरच्या काकांनी मागच्या खोलीतून धुळीने माखलेले किंगपिनचे दोन डबे आणले. पप्पांनी ते प्रसादासारखे दोन्ही हातांत घेतले!

बुशच्या बाबतीत मात्र फसलो. मी एका ठिकाणी स्वस्त मिळाले म्हणून उचलले. मिस्त्रीकाकांनी एक बुश आर्मच्या भोकात घातला, तो सरळ हाताने आत गेला. त्यांनी काढून माझ्या तळहातावर ठेवला. ‘हाताने बसतो तो बुश नव्हे, बाय. प्रेसवर जोर लावून बसला पाहिजे. हा आतल्या आत फिरणार आणि पंधरा दिवसांत पुन्हा खडखड.’ पैसे गेले, धडा मिळाला. जुना बुश बरोबर न नेता नवा घ्यायचा नाही.

ऑपरेशन टेबलवर

गाडी घोड्यांवर चढवली. घोडी म्हणजे तीन-चार पायांचा लोखंडी स्टँड. ‘नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली मी जात नाही,’ मिस्त्रीकाका म्हणाले. त्या आठवड्यात दसरा होता. बाकी गाव गाड्यांना झेंडू वाहत होतं तेव्हा आमची गाडी चाकांविना उभी होती. तरी आईने बोनेटला हार घातलाच.

सगळ्यात धोक्याचं काम स्प्रिंगचं. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन पेलणारी ती स्प्रिंग आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. नट सोडला आणि आर्म एकदम खाली पडला तर स्प्रिंग सुटून गोळीसारखी उडू शकते. मिस्त्रीकाकांनी खालच्या आर्मला जॅकचा आधार दिला, स्प्रिंग साखळीने बांधली आणि जॅक बोट-बोट खाली घेतला. त्या वेळी आम्हा सगळ्यांना अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं होतं. यूट्यूब बघून घरी करण्याची ही गोष्ट नाही, एवढं लिहून ठेवा.

जुनी किंगपिन बाहेर यायला अर्धा दिवस लागला. गंजाने ती धरून ठेवली होती. डिझेल ओतलं, हातोडे मारले, शेवटी लेथवाल्याकडे नेऊन प्रेसवर दाबली तेव्हा सुटली. ती हातात घेतल्यावर सगळं समजलं. गोल पिनेला एका बाजूने चक्क खाच पडली होती. नखाने चाचपली तरी जाणवत होती. ग्रीसची वाट मातीने आणि गंजाने बुजली होती, त्यामुळे लोखंड कोरडंच घासत होतं. ती पिन आता माझ्या ऑफिसच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

नवीन पिनेसाठी आधी पितळी बुश ठोकावे लागतात. त्यातही खुबी आहे. बुशला जे भोक असतं ते ग्रीसच्या भोकासमोरच आलं पाहिजे. जरा फिरलं तर निपलमधून मारलेलं ग्रीस आत पोचणारच नाही. मग रीमर फिरवून बुशचं माप पिनेच्या मापाला आणायचं. पिन हाताने सरकली पाहिजे पण हलता कामा नये. लेथवाल्याने पिन घातली, फिरवली, काढली, पुन्हा रीमरचा अर्धा फेर. असं पाच-सहा वेळा. हे माप कुठल्या स्क्रीनवर दिसत नव्हतं, त्याच्या बोटांना कळत होतं.

आणि एक गोष्ट, जी अनेक घाईतल्या गॅरेजमध्ये चुकते. आर्मच्या बुशचे नट गाडी अधांतरी असताना पूर्ण आवळायचे नाहीत. रबराचा बुश पिळवटून काम करतो. चाकं लोंबकळत असताना नट आवळला आणि मग गाडी खाली ठेवली, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून मिस्त्रीकाकांनी नट नुसते बसवले, गाडी चाकांवर उतरवली, पुढे-मागे ढकलली, बोनेटवर जोर देऊन दोनदा दाबली आणि मग खाली शिरून शेवटचं आवळलं. प्रत्येक स्प्लिट पिन नवी. ‘जुनी पिन सरळ करून पुन्हा घालणाऱ्याला माझ्या शेडमध्ये जागा नाही.’

मिठाची करामत

मागचे पाटे काढले तेव्हा राईचा हिशोब समोर आला. आमच्या गावाच्या एका अंगाला मिठागरं, थोडं पुढे उत्तनचा समुद्र. वारा खारा. पावसाळ्यात तर लोखंडाला नुसतं बघूनच गंज चढतो. पाट्याची पानं एकमेकांवर सरकायला हवीत, तरच पाटा लवतो. आमची पानं गंजाने फुगून एकमेकांना चिकटली होती. म्हणजे मागे स्प्रिंग नव्हतीच, लोखंडाची फळी होती! आईच्या गोधडीचं रहस्य उलगडलं.

टेंपो-ट्रकचे पाटे बांधणाऱ्या कारागिराने पानं सुटी केली, तारेच्या ब्रशने घासली, बसलेल्या पानांना पुन्हा कमान दिली. मधे ग्रॅफाइटचं ग्रीस, नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नाहीत आणि नवे लावल्यावर काहीशे किलोमीटरनंतर परत आवळून घ्यायचे. शेवटी व्हील अलाइनमेंट. इतकं सगळं बदलल्यावर चाकांची दिशा बदललेली असते, तशीच गाडी पळवली तर नवे टायर काही महिन्यांत एका कडेने खाल्ले जातात.

बिल? सगळं मिळून एखाद्या बऱ्या स्मार्टफोनएवढं. फरक इतकाच, की फोन मी दोन-तीन वर्षांत बदलते.

चला उत्तनला!

भाऊबीजेच्या संध्याकाळी पप्पांनी खिळ्यावरची किल्ली काढली. ‘चल, उत्तनला जाऊन येऊ.’ राई, मोर्वा, डोंगरी. मी शेजारी बसून कान लावला होता. स्पीडब्रेकर आला. ‘धप्प’, एकदाच, मऊ. पुन्हा काही नाही. पप्पांनी सरळ रस्ता पाहून दोन्ही हात स्टीअरिंगवर नुसते टेकवले. गाडी सरळ गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जरा अॅक्सिलरेटर दाबला. मागून आई ओरडली, ‘हळू हो!’ दोन वर्षांत हे वाक्य आमच्या गाडीत कोणी उच्चारलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये पासिंग झालं. आता पुढची चिंता २०३० मध्ये.

खोटं कशाला बोलू? ही गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित नाही. एअरबॅग नाहीत, चारही चाकांना ड्रम ब्रेक, धूरही नव्या गाड्यांपेक्षा जास्तच. म्हणून ती रोजची गाडी नाही. ऑफिसला मी भाईंदरची लोकलच पकडते. पण रविवारी पप्पा वसईला जाऊन येतात. स्वतः चालवत. आणि महिन्यातून एकदा ग्रीसगन घेऊन गाडीखाली कोण शिरतं, सांगा बघू? परवा पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडला तेव्हा आईने आम्हा दोघांनाही झापलं!

चौकट : तुमच्या गाडीचं काय?

पद्मिनी नसली म्हणून काय झालं! वॅगन-आर असो की आय-टेन, पाच मिनिटांत एवढं बघा.

• दाबून बघा : बोनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा. वर येऊन ती लगेच स्थिर झाली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर शॉकअपकडे लक्ष द्या.

• वाकून बघा : शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतोय? म्हणजे आतलं तेल बाहेर आलंय. आता तो शोभेपुरताच.

• टायर चाचपा : टायर एका कडेने जास्त झिजलाय किंवा हात फिरवला की करवतीसारखा लागतोय? अलाइनमेंट किंवा बुश तपासून घ्या. नुसता टायर बदलू नका, नवाही तसाच झिजेल.

• हात ढिले सोडा : रिकाम्या, सपाट, सरळ रस्त्यावर कमी वेगात स्टीअरिंग हलकं धरा. गाडी सतत एकीकडे ओढत असेल तर आधी हवा तपासा, मग गॅरेज गाठा.

• पावसाळा संपला की : गाडी वर घेऊन खालून धुवा आणि एकदा नीट बघून घ्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर हे चुकवूच नका.

• पाहुण्याला विचारा : तुमच्या गाडीत कधीच न बसलेल्या मित्राला एक चक्कर मारून आणा आणि त्याला काय ऐकू येतं ते विचारा. तुमच्या कानांना सवय झालेली असते, त्याच्या नाही.